पंपाशेजारी टांगलेला खरारा

मित्रांनो, मी एक जुना, दाते झिजलेला खरारा आहे आणि मला पंपाचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेले बरे. लपवले तरी तुम्ही ओळखालच.

एका कारागिराने पत्र्याच्या पट्ट्यांना बारीक दाते पाडले, त्या पत्र्याच्याच पाठीवर ठोकल्या आणि वर लाकडी मूठ बसवली. मग त्याने मला स्वतःच्याच दंडावर फिरवून पाहिले. “जनावराला टोचता कामा नये,” तो म्हणाला आणि एक दाता पुन्हा घासला.

आजींनी मला त्यांच्या गोठ्यात आणले. तीन गाई, एक वासरू, आजी आणि त्यांची सून, एवढेच आमचे जग. धारा काढून झाल्या की आजी मला गाईंच्या अंगावरून फिरवत. वाळलेले शेण निघे, गळलेले केस निघत, गाई डोळे मिटून उभ्या राहत. रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड केसांत दडलेली असली, की माझा दाता अडखळे. आजी लगेच थांबत आणि चिमट्याने तिला तोंडासकट ओढून काढत. “माझ्या बोटांपेक्षा याला जास्त कळतं,” असे त्या शेजारणीला सांगत. सकाळी आजी आणि सून एकमेकींना विचारत, “खरारा केला का?” काम माझे आणि नावही माझेच. “बादली केली का?” असे कोणी कधी विचारते का?

मग सुनेने गोठ्यात गोचिडांचे औषध फवारायचा निळा पंप आणला आणि नेमका माझ्या शेजारच्या खिळ्यावर टांगला. काय त्याचा तोरा! पितळी तोंड, लांब नळी, खांद्याला पट्टे. आठवड्याभरात गोठ्यातला प्रश्नच बदलला. “फवारलं का?” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाठीवर बसून मिरवणाऱ्याला गाईच्या कानामागे काय दडले आहे, ते काय कळणार?

त्यातच एक नवी गाय आली. सून म्हणाली, “आई, थोडे दिवस हिला वेगळी बांधू या.”

“पाहुणी ती, तिला कोपऱ्यात कशी ठेवायची?” आजी म्हणाल्या. त्यांनी मला उचलले आणि मान म्हणून सगळ्यांच्या आधी तिचा खरारा केला. मग तसेच पुढे बुटकीकडे वळल्या. बुटकी म्हणजे आमचे वासरू. मी तर हरखून गेलो होतो. पंप खिळ्यावर लटकत होता आणि मी आजींच्या हातात होतो!

काही आठवड्यांनी बुटकी खांबाला मान घासू लागली. केस झडले, दूध पिणे कमी झाले. मला वाईट वाटायला हवे होते. पण माझ्या मनात पहिल्यांदा आले, ‘बघा तुमच्या पंपाची करामत!’

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बुटकीच्या मानेवरचे केस बाजूला केले, पापणी ओढून पाहिली. “उवा आहेत. त्यांनी रक्त पिऊन पिऊन वासरू पांढरं पाडलंय. असंच चाललं तर हातचं जाईल. हिचा खरारा कशानं करता?”

आजींनी मोठ्या अभिमानाने मला पुढे केले. डॉक्टरांनी मला पांढऱ्या कागदावर आपटले. कागदावर उवा चालू लागल्या.

“नव्या गाईच्या उवा यानंच वासरापर्यंत आणल्या, आजी.”

“म्हणजे मीच आणल्या,” आजी म्हणाल्या. मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

डॉक्टरांनी सगळ्या जनावरांना फवारायला सांगितले. “औषधानं उवा मरतात, केसांना चिकटलेल्या लिखा मरत नाहीत. त्या नंतर फुटतात. चौदाव्या दिवशी पुन्हा फवारायचं. विसरलात तर केलेलं सगळं पाण्यात.” त्यांनी खडूने भिंतीवर तारीख लिहिली. सुनेने मला उकळत्या पाण्यातून काढले, उन्हात वाळवले आणि खिळ्याला टांगले. तारीख माझ्या पाठीमागे झाकली गेली.

बुटकी दूध पिऊ लागली. सगळे निर्धास्त झाले. चौदावा दिवस उजाडला आणि कोणालाच आठवण नव्हती. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला बरे वाटले. पंप फसला असता, तर आजी पुन्हा माझ्याकडे वळल्या असत्या.

दुपारी बुटकीने खांबाला मान घासली.

मला खिळ्याला टांगलेली सुतळी विरून एका धाग्यावर आली होती. तो धागा मी जिवाच्या आकांताने धरून होतो, कारण मोडका खरारा भंगारात जातो. तो मी सोडून दिला. फरशीवर आदळून माझी मूठ दुभंगली. आवाजाने सून वळली आणि तिची नजर भिंतीवर गेली.

“अहो आई, तारीख! आजचीच आहे!”

पंप निघाला. बुटकी वाचली. “पंप होता म्हणून निभावलं,” असे आजी अजून सांगतात. मी पडलो म्हणून निभावले, हे कोणाच्या लक्षातही नाही. आजींनी माझ्या मुठीवर पट्टी गुंडाळली, एवढेच.

मित्रांनो, नवे जनावर आले तर थोडे दिवस वेगळे बांधा. त्याचा खरारा वेगळा ठेवा. आम्हाला गरम पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. औषधाची दुसरी तारीख कोणत्याही वस्तूने झाकू नका. आणि पंपाचे कौतुक करायचे असेल तर खुशाल करा, फक्त माझ्यासमोर करू नका.