प्यादं आलं कुठून?

चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर बुद्धिबळ मंडळाची खोली आहे. त्या संध्याकाळी तिथे मुंगी शिरायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, खिडकीच्या कठड्यावर माणसं, आणि सगळ्यांच्या नजरा आतल्या खोलीच्या बंद दारावर. दार उघडलं. निवृत्त न्यायाधीश बाहेर आले. चेहरा पांढराफटक. कुणाशी न बोलता ते जिना उतरून गेले.

"त्यांनाही दिसलं नाही!" वकील कुजबुजला, आणि सगळी खोली धन्य झाली.

ही गर्दी अडाण्यांची असती तर मला तिची दया आली असती. पण इथे जमले होते वकील, इंजिनिअर, प्राध्यापक. भोंदूंच्या बातम्या वाचून पोट धरून हसणारी ही मंडळी. त्यांना गंडवायला जटा-दाढी चालली नसती, म्हणून त्यांच्यासाठी इस्तरीच्या सुटातला बुवा आला होता. मी मनातल्या मनात त्याचं नाव प्यादेबुवा ठेवलं होतं.

बुवा एकेकाला आत घ्यायचा. समोर मांडलेला पट. "पांढऱ्याची चाल. एका चालीत मात आहे की नाही?" उत्तर हमखास चुकायचं. मग बुवा डोळे मिटून म्हणायचा, "तुम्हाला पट दिसतो. मला पटाचा भूतकाळ दिसतो. तुमचाही दिसेल." एकदा एवढं पटलं की माणूस धंदा, मुलीचं लग्न, दुखणी, सगळं त्याच्यासमोर ओतायचा.

माझा दादा या मंडळाचा सचिव. त्याने वहिनीचं दुखणं ओतलं. तिच्या छातीत गाठ होती, आणि डॉक्टरांनी ताबडतोब ऑपरेशन करा म्हणून बजावलं होतं. बुवा म्हणाला, "गाठ एकेक घर चालत आली आहे. तशीच मागे जाईल. थांबा." आणि दादा महिनोन्महिने थांबला! मी स्वतः दातांचा डॉक्टर. घसा फुटेस्तोवर ओरडलो. दादा म्हणाला, "तुला बुद्धिबळातलं काय कळतं?"

शेवटी मी आत्याला बोलावून घेतलं. आत्याने शाळेत गणित शिकवलं आणि पोरांना बुद्धिबळात तयार केलं. वहिनीला बरोबर घेऊन आम्ही तिघं त्या गर्दीत उभे होतो. आत्या आत गेली आणि पाचच मिनिटांत हसत बाहेर आली.

"काय रे, तू आत काय उत्तर दिलं होतंस?" तिने दाराशी उभ्या असलेल्या दादाला मोठ्याने विचारलं.

"आत्या, हळू! हरलेल्या डावाबद्दल आमच्यात बोलत नाहीत."

"ते त्या आतल्याला पक्कं ठाऊक आहे. बोल."

दादा पुटपुटला, "मी म्हणालो, मात आहे. पांढऱ्या प्याद्याने शेजारचं काळं प्यादं जाता जाता मारायचं, मागचा हत्ती मोकळा होतो, मात. पण ते म्हणाले, काळं प्यादं एकेक घर चालत आलंय, मारता येत नाही."

"मी मुद्दाम म्हणाले, मात नाही. तर मला म्हणतो, प्यादं आत्ताच दोन घरं उडी मारून आलंय, मारता येतं, मात आहे!"

आत्याने आतून पटाचं टेबलच बाहेर ओढलं. मागोमाग बुवा आला.

"आता ही दोघं एकदम उत्तर देतील," आत्या वहिनीकडे आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली.

मी म्हणालो, "आहे." वहिनी म्हणाली, "नाही."

"सांगा साहेब, कोण चुकलं?"

बुवाने डोळे मिटले. मग म्हणाला, "अशा वातावरणात... शंकेच्या लहरींमुळे दृष्टी धूसर होते."

"दृष्टी कसली डोंबलाची!" आत्या गर्दीकडे वळली. "प्यादं पहिल्या चालीत दोन घरं उडी मारू शकतं. तसं ते शत्रूच्या प्याद्याशेजारी येऊन थांबलं, तर ते एकच घर चाललं असं धरून त्याला मारता येतं. पण लगेच, पुढच्याच चालीत. म्हणजे आधीची चाल कळल्याशिवाय इथे मारता येईल की नाही हे ठरतच नाही. पटावरून ती सिद्ध होत असेल तरच कोड्यात अशी मार धरतात. इथे काहीच सिद्ध होत नाही. कोडंच सदोष आहे. तुम्ही 'आहे' म्हणा, हा प्यादं एकेक घर चालवत आणतो. 'नाही' म्हणा, हा उडी मारायला लावतो. आणि तुम्ही शहाणे, हरल्याची लाज वाटते म्हणून एकमेकांना विचारतही नाही!"

वहिनी पुढे झाली. "माझी गाठ मागे जाईल म्हणालात. प्यादं कधी मागे जातं का हो?"

बुवाने कोट सावरला आणि जिना गाठला. त्याला अडवायचं कुणाला सुचलं नाही. सगळे आपापले बूट शोधत होते.

दुसऱ्याच दिवशी वहिनीला दाखल केलं. सर्जन म्हणाले, वेळेवर आणलं असतं तर नुसती गाठ काढून भागलं असतं. आता सगळा स्तन काढावा लागला. दादा हॉस्पिटलच्या बाकावर ढसाढसा रडला. मला त्याची कीव आली, राग मात्र गेला नाही. आणि भेटायला आलेले न्यायाधीश काय म्हणाले? "काही म्हणा, माणूस अभ्यासू होता!"

तो अभ्यासू माणूस आज दुसऱ्या कुठल्या तरी पटामागे बसला असेल. तुमच्या वाट्याला आला तर त्याला प्रश्न विचारू देऊ नका. तुम्ही विचारा, चारचौघांत विचारा, आणि उत्तर आधी त्याला द्यायला लावा. फसलात तर तोंड लपवू नका, शेजाऱ्याला सांगा. तुमच्या गप्प बसण्यावरच त्याचं दुकान चालतं. आणि अंगात कुठे हाताला गाठ लागली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.