माझं रंगाचं बटण

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, पण रंगीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी सगळी गोष्ट त्या रंगापाशीच अडते.

कारखान्यात माझ्या काचेच्या आतल्या बाजूला लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांची इतकी दाट पेरणी झाली, की मोजायला बसाल तर शाळा सुटेल. या तीनच रंगांतून मी बाकीचे सगळे करतो. पिवळासुद्धा. लाल आणि हिरवा शेजारी शेजारी पेटवले की लांबून पिवळा दिसतो. मला स्वतःलाच याचं अजून नवल वाटतं.

१९९२ साली मी सांगलीतल्या एका दुकानात पोचलो. फळीवर आम्ही तिघं टीव्ही ओळीनं बसलेले. दुकानदारानं तिघांचंही रंगाचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. त्यामुळे बातम्या देणारी बाई आमच्या तिघांतही गेरू फासल्यासारखी दिसायची आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "वा, काय रंग आहे."

एका दुपारी एक कुटुंब आलं. यल्लाप्पा मार्केट यार्डात हमाल होते आणि त्यांच्या बायको जाईबाई तिथल्याच वखारीत हळद निवडायच्या. बरोबर नववीतली आम्रपाली होती आणि तिचा मोठा भाऊ रोहन. तो अठरा वर्षांचा. मामासारखं फौजेत जायचं म्हणून रोज पहाटे कृष्णेच्या काठानं पळायचा.

"पोरगं भरती झालं की घर खायला उठंल, म्हनून घेतोय," यल्लाप्पांनी दुकानदाराला सांगितलं.

म्हणजे मला रोहनच्या जागी बसायचं होतं. केवढी मोठी जागा!

जाईबाईंनी पदराच्या गाठीतून हळकुंड काढलं आणि पडद्यावरच्या पिवळ्या साडीला लावून बघितलं.

"मावशी, टीव्ही घ्यायला आलाय का हळद विकायला?" दुकानदार म्हणाला.

"हळद निवडून डोळं झिजलं माजं. पिवळं कुठलं खरं आनि कुठलं फासल्यालं, लांबनं कळतंय. आधी ह्यो रंग पार काडा बगू."

दुकानदारानं हसत हसत तिघांचा रंग काढला. आम्ही तिघंही काळे-पांढरे झालो. मला तर उघडं पडल्यासारखं वाटलं. जाईबाईंनी आधी उजेडाचं बटण लावून घेतलं, मग गडद-फिक्याचं, आणि प्रत्येकाच्या समोर वाकून बघितलं. "ह्या दोघांत बाईचं क्यास म्हंजी नुसता डांबराचा गोळा. ह्या मधल्यात क्यास न् क्यास येगळा दिसतोय." मधला म्हणजे मी. मग त्यांनी रंग हळूहळू चढवायला लावला आणि बाईचा चेहरा माणसाचा झाला तिथं थांबवला. "आता बांदा."

मित्रांनो, एवढी पारख माझी पुन्हा कुणी केली नाही.

घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मला जागा मिळाली. अँटेनाची काठी पत्र्यावर चढली आणि आम्रपाली दारातून ओरडून दिशा सांगायला लागली. सगळं छान जमलं. आणि मग रोहननं माझी पुढची झडप उघडली आणि रंगाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"आता कुठं चव आली," तो म्हणाला.

"दादा, माणसं शिजल्यागत दिसत्यात."

"तुला काय कळतंय. फिका पडलावता."

तो बाहेर गेला की आम्रपाली बटण मागं आणायची, आत आला की तो पुढं न्यायचा. माझी मान दिवसातनं दहादा पिरगळली जायची. त्यात क्रिकेटचा कसोटी सामना सुरू झाला. हिरवंगार मैदान, लाल चेंडू. मी जीव तोडून दाखवत होतो. चेंडू गवतावरून सीमारेषेकडे निघाला की आम्रपाली टाळ्या पिटायची आणि रोहन विचारायचा, "बॉल कुटं गेला?"

"त्यो काय."

"कुटं? गवतात बॉलच गायब होतोय ह्याच्यात. नासका माल घातलाय गळ्यात."

आणि माझ्या डोक्यावर एक थाप.

नाथाजी मेकॅनिक दोनदा येऊन गेले. मागचं झाकण काढलं, फुंकर मारली, सगळं तपासलं. "आवं, ह्याला काय बी झालं न्हाई," ते म्हणाले. पण रोहनला काही पटेना. शेवटी यल्लाप्पा म्हणाले, "पंधरा दिसांनी पोराची कोल्लापुरात भरती हाय. त्याच्या डोक्याला ताप नको. रविवारी परत देऊन येऊ."

मला वाईट वाटलं. नापास होण्यापेक्षा, कुठल्या प्रश्नात नापास झालो हेच न कळणं फार वाईट असतं.

रविवारी माझा खोका उघडून ठेवला होता. यल्लाप्पा रिक्षा बघायला गेले. जाईबाईंनी बाजारातून पाटीभर मिरच्या आणल्या होत्या. हिरव्यांत पिकून लाल झालेल्या मिसळलेल्या. "रिक्षा येस्तवर लाल तेवढ्या येगळ्या काडा रं," त्या म्हणाल्या.

दोघं भावंडं बसली. आम्रपालीचे हात भराभर चालले. रोहन मात्र एकेक मिरची उचलायचा, बोटांत दाबायचा आणि मग कुठल्या ढिगात टाकायची ते ठरवायचा.

"दादा, दाबून काय बघतोस?"

"दाबल्याबिगर कळतंय व्हय लाल कुटली ते? मऊ लागली की लाल."

आम्रपालीचा हात थांबला. "मला तर नुसतं बघून कळतंय."

"थापा नको मारूस."

तिनं मूठभर मिरच्या जमिनीवर ओळीनं मांडल्या. "न दाबता सांग."

रोहन बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं चार उचलल्या. चारांतली एकच लाल होती. जाईबाई, ज्यांची नजर अख्ख्या यार्डात मानतात, त्या मुलाच्या हाताकडे बघतच राहिल्या. "अठरा वर्सं माज्या म्होरं बसून मिरच्या निवडतोस," त्या हळूच म्हणाल्या, "आनि मला कळलं न्हाई."

"मला वाटलं सगळीच दाबत्यात," रोहन म्हणाला.

रिक्षा आली आणि रिकामीच परत गेली.

दवाखान्यातलं मला आम्रपालीच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. आतला आकडा आम्रपालीला दिसला, रोहनला नाही. लाल-हिरव्यातला फरक न दिसणं हा आजार नव्हे, जन्मापासूनच आहे, डॉक्टर म्हणाले. पण तू म्हणतोस त्या भरतीत डोळे तपासतील तिथं अडेल. रोहन घरी येऊन आठ दिवस माझ्याकडे पाठ करून बसला. पळायलाही गेला नाही. मित्रांनो, मी निर्दोष सुटलो होतो, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

नवव्या दिवशी आम्रपालीनं माझी झडप उघडली. "दादा, तुला कसं दिसतंय ते सांग की."

हा प्रश्न त्याला आजवर कुणीच विचारला नव्हता. तो आमच्याकडे वळला. मग पुढं सरकून बोलायला लागला, ते जेवणाची ताटं वाढली तरी थांबेना. निळा त्याला चांगला दिसतो, पिवळाही. गवत आणि विटा एकाच कुळातल्या वाटतात. आणि उजेड-सावलीतला फरक मात्र तो असा टिपायचा की आम्रपाली चकित झाली. त्या दिवसापासून उजेड आणि गडद-फिक्याची बटणं त्याच्याकडे आणि रंगाचं तिच्याकडे. बातम्यांतल्या बाईचा केस न् केस पुन्हा वेगळा दिसायला लागला.

आज सात वर्षं झाली. रोहन आता नदीकाठी भरतीच्या पोरांना पळायला शिकवतो. अकरा जण फौजेत गेलेत. नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी पळणं नाही. रोहन त्याला घरी आणतो, आम्रपालीकडून मिरच्या मांडून घेतो आणि म्हणतो, "न दाबता सांग रं गड्या. जे असंल ते आजच कळूदे."

तेव्हा मित्रांनो, चित्र बिघडलेलं वाटलं तर आमच्या डोक्यावर थाप मारायच्या आधी शेजारी बसलेल्याला एकदा विचारा, तुला कसं दिसतंय?

मी आता थकलो. लाल ठिपके मंदावलेत. आम्रपाली म्हणते, ह्याचा रंग पार उडाला, आता नवा घेऊया. यल्लाप्पाही मान हलवतात. रोहन तेवढा माझ्यासमोर मांडी घालून बसतो, नीट बघतो आणि म्हणतो,

"मला तर पयल्या दिवशी दिसलावता तसाच दिसतोय."