तरंगलेली फिल्म

अंगात बाहेरचं काही घातलं की अंग त्याच्यावर तुटून पडतं. अंगाला परकं वाटणार नाही असं प्लास्टिक बनवायचं, हे धाकटीचं काम. दोन पदार्थ एकाच साखळीत गुंफायचे. एक लवचीक राहणारा, दुसरा सावकाश विरघळणारा. त्याची पातळ फिल्म ओतायची, ती एका डबीच्या तळाशी बसवून तिच्यावर पेशी जगतात का बघायचं. जगल्या तर पुढेमागे त्याच फिल्मची बारीक नळी होणार, तुटलेल्या नसेची दोन टोकं नळीत वाढत एकमेकांना गाठणार आणि नळी विरून जाणार.

तिचा दादा सुतार. करवतीनं मनगट कापलं तेव्हापासून उजव्या हाताची दोन बोटं बधिर. डॉक्टर म्हणाले, पायातली नस काढून हातात जोडू, पण लवकर या. दादा ढिम्म.

"नस जोडणारी घरातच बसलीय. पाय कशाला कापून घेऊ?"

कारण धाकटीनं जेवताना फुशारकी मारली होती, "पेशी जगल्या दादा. मस्त पसरल्यात."

आज सकाळी ती डबीतलं जुनं पोषकद्रव पिपेटनं ओढत होती, तर टोकाला काहीतरी चिकटलं. बघते तर फिल्म. तळापासून सुटून वर तरंगत होती. तिनं डबी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पेशी खाली तळावर मजेत. म्हणजे इतके दिवस त्या फिल्मवर नव्हत्याच, डबीच्या तळावर वाढत होत्या. फिल्म काचेसारखी आरपार, म्हणून तर सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. आणि म्हणूनच ती सुटलेली कुणाला दिसली नाही.

तिनं उरलेल्या डब्या तपासल्या. सगळीकडे तेच. मग प्रयोगशाळेच्या मॅडमना बोलावून दाखवलं.

मॅडमनी डोळा लावून बराच वेळ पाहिलं. "परवा मीही बघितलं होतं. मीही खूश झाले होते." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "वरून स्टीलचं कडं ठेवून फिल्म दाबून धर. पुन्हा पहिल्यापासून."

"जगतील?"

"ते आता कळेल. आजवर आपण विचारलंच कुठं?"

घरी जाताना तिनं नव्या फिल्मचा एक तुकडा कागदात गुंडाळून नेला. दादानं सवयीनं उजव्या हातात धरला, चोळला, मग डाव्या हातात घेतला.

"हां. आता लागतेय. हीच का ती?"

"हीच. दादा, पेशी हिच्यावर नव्हत्या." तिनं सगळं सांगितलं. "नळी होईल की नाही माहीत नाही. झाली तरी तुझ्या वेळेत होणार नाही. नस फार दिवस तुटलेली राहिली की स्नायू वाळतो. तू थांबू नकोस."

दादानं तुकडा उजेडात धरला.

"पायातली नस काढली की पायाचं काय?"

"पावलाची बाहेरची कड बधिर राहील."

"म्हणजे हातातला बधिरपणा पायात उतरवायचा."

"साधारण तसंच. हात पुरता बरा होईल असंही नाही."

"चालतंय. पायानं कुठं रंधा मारतो मी." त्यानं तुकडा नीट घडी करून तिच्या हातात दिला. "डॉक्टरांना फोन लाव. तूच लाव. थांबवलंस तू, आता धाडही तूच."