ट्रेनिंग स्कूलचा लुशियस

माझ्या नातीला, ओडेसाला, जुळं झालं ते २००९ साल. फेब्रुवारीत बाळं घरी आली आणि त्याच आठवड्यात फोन आला, की माझा धाकटा भाऊ लुशियस प्युरिफॉय याची फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, निवड झाली. समारंभ ऑगस्टात होता. लुशियसची मूत्रपिंडं फोन आला तेव्हाच पार गेली होती. साखरेनं डोळेही नेले होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार मी त्याला माझ्या ट्रकमधून डायलिसिसला नेत असे.

त्या फोनपासून आमच्या घरातली शांतता गेली. लुशियस नऊ वर्षं आयर्नमेन संघाकडून खेळला आणि चार वर्षं पायलट्सकडून. अजिंक्यपदाची अंगठी मात्र त्याला पायलट्सनी दिली. भांडायला एवढं पुरे होतं. माझा मेहुणा क्लोविस, ज्याचं केस कापायचं दुकान आहे, तो आयर्नमेनचा. लुशियसचा मुलगा ड्युइट पायलट्सचा. दोघं रोज संध्याकाळी माझ्या व्हरांड्यात बसून, मी तळलेला मासा खाऊन भांडत.

"नऊ वर्षं गुडघे कुणासाठी फोडले रे त्यानं?" क्लोविस म्हणे. "तुझे पायलट्स आयत्या पानावर येऊन बसले."

"अंकल क्लोविस, नऊ वर्षांत तुमच्या आयर्नमेननी एक कप तरी दिला का त्याला? कॉफीचा तरी?"

"तोंड सांभाळ. तुझ्या बापाच्या पहिल्या पगारातून तुझा पाळणा आला, तो पगार कुणाचा होता?"

"अरे, तो आत बसलाय," मी म्हणे. "त्यालाच विचारा ना."

"त्याला काय कळतंय यातलं," क्लोविस म्हणे, आणि पुढचा तुकडा उचले.

चर्चमध्येही तेच. सत्काराच्या केकवर आयर्नमेनची लाल साखर घालू की पायलट्सची पिवळी, असं शेजारच्या बाकावरच्या सिस्टर अर्नेस्टीननं मला प्रार्थना चालू असताना विचारलं. मी म्हटलं, अर्धी अर्धी घाला. तर पुढच्या रविवारी दोन बायका मला गाठून विचारू लागल्या, की नाव कुठल्या अर्ध्यावर लिहायचं. मी त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. आयुष्यभर जंगलात लाकूड तोडलं, पण इतका कधी थकलो नव्हतो.

जूनच्या सुरुवातीला एक मोठं पाकीट आलं. समारंभाचं पुस्तक उत्तरेतली एक कंपनी छापत होती. लुशियसचं पान त्यांनी तपासायला पाठवलं होतं, चुका दहा दिवसांत कळवायच्या. लुशियसला दिसत नव्हतं, म्हणून मी वाचलं. मी वाचायला शिकलो एकसष्टाव्या वर्षी, चर्चच्या तळघरात. त्यामुळे वाचतो हळू, पण अक्षर सोडत नाही.

"शिक्षण," मी वाचलं, "टॅलोवा काउंटी हायस्कूल."

लुशियसनं हात वर केला. "काय म्हणालास, बब्बा?"

लहानपणापासून तो मला बब्बाच म्हणे. मी परत वाचलं.

"त्या शाळेच्या फाटकातून मला कधी आत सोडलं होतं?"

सोडलं नव्हतंच. ती गोऱ्यांची शाळा. आमची पोरं टेकडीवरच्या टॅलोवा काउंटी ट्रेनिंग स्कूलमध्ये जात. गोऱ्यांच्या शाळेनं टाकून दिलेल्या जर्सी आमच्या बायका कपडे उकळायच्या हंड्यात किरमिजी रंगवत. सामना खेळून आला की लुशियसच्या छातीवर तो रंग उतरलेला असे, आणि आई अंथरूण खराब होईल म्हणून ओरडे. सत्तर साली दोन्ही शाळा एक केल्या तेव्हा आमची इमारत बंद झाली. आमचे सगळे चषक एका ट्रकमध्ये भरले आणि कचऱ्यात नेऊन टाकले.

"आयर्नमेननी मला पैसे दिले, पायलट्सनी पैसे दिले," लुशियस म्हणाला. "त्यांची माझी फिटंफाट झाली. मी ट्रेनिंग स्कूलचा आहे. तसं छापत नसतील तर मला त्या पुस्तकातून काढायला सांग. मी असा दुसऱ्यांच्या शाळेत जाऊन मरणार नाही."

मी कंपनीला फोन लावून चूक सांगितली. मिस ब्रँट नावाची मुलगी बोलली. आवाज मधासारखा.

"ते आम्ही मुद्दामच बदललं, सर. कुटुंबाला अवघड वाटू नये म्हणून."

"अवघड कशानं वाटेल?"

"म्हणजे, लहानपणी चुका सगळ्यांकडूनच होतात."

"कसल्या चुका?"

"आमच्याकडे, सर, ट्रेनिंग स्कूल म्हणजे... चोऱ्यामाऱ्या करणारी पोरं ठेवतात ना, ते."

मी खाली बसलो. चाळीस वर्षं लोक माझ्या भावाला मनातल्या मनात सुधारगृहातून सुटलेला समजत असतील, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"मिस, ती शाळा होती," मी म्हटलं. "तिथे लॅटिन शिकवत. माझा भाऊ वर्गात दुसरा यायचा."

"मग तिला ट्रेनिंग स्कूल का म्हणायचे?"

"काळ्या पोरांना हायस्कूल लागतं, हे म्हणायला काउंटीच्या गोऱ्या साहेबांची जीभ वळत नव्हती, म्हणून."

तिनं माफी मागितली, आणि मग पुरावा मागितला. काउंटीच्या कचेरीत मी दोनदा गेलो. सत्तरच्या आधीचं काही नाही, असं खिडकीमागची बाई मान वर न करता म्हणाली. दहापैकी सहा दिवस गेले. घरी आलो तर क्लोविस आणि ड्युइट पुस्तकातला फोटो कुठल्या जर्सीतला हवा यावर हमरीतुमरीवर आलेले. मी माशाचं ताट त्यांच्या पुढ्यातून उचललं आणि कुत्र्याला घातलं.

"आता कामाला लागा," मी म्हटलं. "त्या शाळेचा एक कागद आणल्याशिवाय माझ्या पायऱ्या चढू नका."

कागद सापडला सिस्टर अर्नेस्टीनकडे. बासष्टच्या निरोप समारंभाचा, वर शाळेचं नाव, खाली एकोणीस मुलांची नावं, सातवं लुशियसचं. इतकी वर्षं तिनं तो बायबलात ठेवला होता. क्लोविसनं तो दोन्ही हातांत धरून आणला, ड्युइटनं कॉम्प्युटरवरून पाठवला.

शुक्रवारी, दहा जुलैला, नवीन पान आलं. मी लुशियसच्या खुर्चीजवळ बसलो.

"टॅलोवा काउंटी ट्रेनिंग स्कूल, १९६२," मी वाचलं.

"आणखी एकदा."

मी चार वेळा वाचलं.

"ट्रेनिंगवर अडखळू नकोस रे, बब्बा," तो म्हणाला. "लोकांना वाटेल तुला लाज वाटते."

"पुढे काय लिहिलंय?" दारातून क्लोविसनं विचारलं. "आधी आयर्नमेन की आधी पायलट्स?"

मी उठून दार लावून घेतलं. आत लुशियस हसत होता, खोकला येईपर्यंत.

माझा भाऊ लुशियस प्युरिफॉय मंगळवारी, १४ जुलै २००९ रोजी, सकाळी सव्वानऊ वाजता डायलिसिसच्या खुर्चीत वारला.