लाल उजव्या हाताला

"डॉक्टर व्हायला अर्धा जन्म जातो," वर्गातले मास्तर म्हणाले, "पण रक्त तपासायला, कान तपासायला, हृदयाचा आलेख काढायलाही दवाखान्यात माणसं लागतातच की!"

थोरलीने त्याच दिवशी आलेखाच्या वर्गात नाव घातलं. नवरा गेल्यापासून ती दिराच्या घरी राहत होती. राहत होती म्हणजे राबत होती. आलेख काढणारीला दवाखान्याच्या मागे एक खोली मिळते, हे कळल्यापासून ती देवाकडे तेवढंच मागायची. ती खोली ती बघूनही आली होती. देवाची तसबीर कुठल्या भिंतीला लावायची, ते ठरलं होतं. तिथे स्वतःपुरता चहा टाकताना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नव्हतं.

धाकटी जाऊ वर्गाला आली ती घरी बसून कंटाळा येतो म्हणून.

सरावाला घरात मशीन कुठलं? थोरलीने कपड्यांचे चिमटे घेतले. लाल उजव्या मनगटाला, पिवळा डाव्या. हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या. धाकटी रोज गोंधळ घालायची. शेवटी थोरलीने युक्ती काढली. खाटेवर झोपलेलीला चूक दिसली, की तिने करंगळी हलवायची.

"आणि नाहीच हलली तर, जाऊबाई?"

"तर डोळे मिटून पुढे जायचं. तू आहेस ना बघायला!"

दवाखान्यात जागा एकच निघाली. विभागाच्या मोठ्या बाईंनी दोघींना बोलावलं आणि म्हणाल्या, "एकमेकींचा आलेख काढा. मी पडद्याबाहेर आहे."

आधी थोरली झोपली. धाकटीने छातीवरची पहिली चकती एक फासळी खाली चिकटवायला घेतली. थोरलीची करंगळी हलली. धाकटीने चकती वर घेतली. आलेख स्वच्छ आला. "छान," बाई म्हणाल्या.

मग धाकटी झोपली. घरची खाट भिंतीला लागून. जवळचा हात नेहमी उजवा असायचा. इथे पलंगाचं डोकं उलट्या बाजूला होतं. थोरलीच्या डोळ्यांपुढे खोली होती. लाल चिमटा तिने सवयीने जवळच्या हाताकडे नेला आणि मध्येच थांबली. काहीतरी खटकलं. तिने धाकटीच्या करंगळीकडे पाहिलं.

देवाने त्या बोटाला हाड दिलं होतं, पेर दिलं होतं, हलायची शक्ती दिली होती. धाकटीने लाल रंग आपल्या डाव्या मनगटाशी पाहिला. दोन वर्षांचं आयतं जेवण आठवलं. जाऊबाई खोलीत गेल्या तर सकाळची भांडी कोण घासणार, तेही आठवलं. तिने डोळे मिटले.

बोट हललं नाही. थोरलीने चिमटा लावला.

मोठ्या बाईंनी आलेख हातात घेतला आणि हसल्या. "पहिल्या ओळीत सगळं उलटं! यांचं हृदय उजवीकडे आहे, की तुम्हाला डावं-उजवं कळत नाही? आणि ठोके बघा कसे पळतायत! काय हो, जिना चढून आलात की काय?"

"नाही हो बाई," पडद्याआडून धाकटी म्हणाली. "पडले होते नुसती."

नोकरी धाकटीला मिळाली. "खोलीची किल्ली?" बाईंनी विचारलं.

"मला कशाला? घर आहे की माझं."

"बरं झालं. जुने पलंग ठेवायला जागा नव्हतीच आम्हाला."

संध्याकाळी थोरली कपडे वाळत घालत होती. धाकटीचा नवा पांढरा कोट तिनेच धुतला होता. धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"रागावलात का? देवाशप्पथ, डोळा लागला होता माझा."

थोरलीने कोटाची एक बाही दोरीवर ओढली.

"झोपलेल्या माणसाचे ठोके पळत नाहीत गं."

धाकटीने पुढे होऊन कोटाची चुणी सरळ केली.

"शिकलात बाई चांगलं," ती म्हणाली. "आणि हो, उद्यापासून डबा लवकर लागेल मला. पोळ्या मऊ करा, दुपारपर्यंत वातड होतात."

थोरलीने टोपलीत हात घातला. लाल चिमटा उजव्या बाहीला लावला, पिवळा डाव्या.