साबणाच्या पाण्याचं वाण

माझा भाऊ रामनाथ फुकट सल्ला वाटायला लागला, तेव्हाच मी त्याला म्हटलं होतं, सांगायचं तर सगळं सांग, निम्मं पोटात ठेवू नकोस. पण माझं ऐकतो कोण? मी पडले त्याची विधवा बहीण, त्याच्याच घरात राहणारी.

भाईंदर पूर्वेला आमच्या गल्लीत त्याचं दुकान. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा, गॅस गिझर विकायचा आणि बसवूनही द्यायचा. नवरा गेल्यावर मी रत्नागिरीहून इथं आले आणि सकाळची गल्ल्यावर बसायला लागले. मग त्याच गल्लीत आणखी दोघांनी तसलीच दुकानं थाटली आणि आमच्याकडे माशा मारायची वेळ आली. तेव्हा रामनाथच्या डोक्यात आलं, की संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत प्रत्येक बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं, सगळ्या बायका आयत्या एका हॉलमध्ये सापडतात. तिथं जाऊन त्यांना गॅस कसा सांभाळायचा ते फुकट शिकवायचं. आणि वाण म्हणून द्यायची साबणाच्या पाण्याची छोटी बाटली, वर दुकानाचं नाव आणि फोन नंबर. वाण कोणी फेकत नाही. बाटली वर्षभर ओट्यावर राहणार आणि नंबर डोळ्यांसमोर. डोकं चालवलं होतं त्यानं, ते मी मान्य करते.

माझी वहिनी मंजुळा पुढे व्हायची, हळदीकुंकू लावायची. मग रामनाथ दारापाशी उभा राहून बोलायचा. रबरी नळी वेळेवर बदला. वास आला तर काडी ओढू नका, दिवा लावू नका. नळीला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे, मला फोन करा. बायका मन लावून ऐकायच्या. दोन वर्षांत त्याचं नाव झालं, दुसऱ्या दुकानाकडे कोणी बघेना. 'गॅसवाले भाऊ बोलले' म्हटलं की घरात पुढे वादच नसायचा.

मी असायची आत, त्या घरच्या स्वयंपाकघरात, बाटल्या भरत. मला कोणी बाहेर येऊ नको म्हणत नव्हतं. ये असंही म्हणत नव्हतं.

आता त्यानं काय गाळलं ते सांगते. गिझर बाथरूममध्ये असला आणि खिडकी बंद असली, की गॅस जळून आतली हवा विषारी होते. तिला वास नाही, रंग नाही. गळती नसली तरी होते. आंघोळ करणारं माणूस गुंगीत खाली बसतं आणि उठत नाही. हे मला रामनाथनंच दुकानात समजावलं होतं. गिऱ्हाईक पुरुष असला तर त्यालाही सांगायचा, खिडकी उघडी ठेवा म्हणून. पुरुष मान हलवायचे आणि घरी जाऊन विसरायचे. आणि आमच्याकडे बिल्डिंगी अशा चिकटून, की एकीची बाथरूमची खिडकी दुसरीच्या किचनसमोर. बायका काचेच्या पट्ट्या बंद करून वर कागद चिकटवतात. करणार काय बिचाऱ्या?

मी त्याला म्हटलं, "हॉलमध्ये हे का नाही सांगत?"

"बायकांसमोर आंघोळीचं काय बोलू, ताई? लेकीसुना बसलेल्या असतात. बरं दिसतं का ते?"

"मग मंजुळाला सांगायला लाव."

मंजुळा म्हणाली, "सणाच्या दिवशी मरणाचं बोलायचं? माझ्यानं नाही होणार."

"मी सांगते."

मंजुळानं रामनाथकडे बघितलं आणि तो उठून बाहेर गेला. त्या बघण्याचा अर्थ न कळण्याइतकी मी खुळी नाही.

आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर आनंदीबाई राहायच्या. त्यांची सून संचिता, रोह्याकडची, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. दोन हजार सहाच्या संक्रांतीला ती हॉलमधून उठून माझ्याकडे आत आली आणि बाटल्यांना झाकणं लावत बसली. म्हणाली, "आत्या, बाहेर सगळ्या माझ्या मंगळसूत्राचं वजन करतायत. मी इथंच बरी." मला लय बरं वाटलं होतं. गुणाची पोर.

रामनाथचं बोलणं ऐकून आनंदीबाईंनी त्याच आठवड्यात गिझर घेतला. त्यानं बसवला आणि संचिताच्या नवऱ्याला, अनिशला, खिडकीचं सांगितलं. अनिश हो हो म्हणाला.

पुढच्याच रविवारी सकाळी संचिता आंघोळीला गेली ती बाहेर आलीच नाही. दार तोडलं तेव्हा पाणी चालूच होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पोरीची चिरफाड नको, असं घरच्यांनी ठरवलं. आम्ही वर गेलो तेव्हा आनंदीबाई भिंतीला टेकून एकच बोलत होत्या. "मी सकाळीच बाटलीतलं पाणी लावून बघितलं होतं हो. एक बुडबुडा नव्हता. म्हणून तर तिला जा म्हटलं."

अनिशनं रामनाथला गिझर बघायला लावला. सगळ्यांसमोर त्यानं नळीला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही. "मशीन ओके आहे," तो म्हणाला. लोकांनी माना हलवल्या. कोणी म्हणालं फिट आली असेल, कोणी म्हणालं पोरीला नजर लागली. मी बाथरूमच्या दारातून आत बघितलं. खिडकीला जुन्या कॅलेंडरचा कागद चारी बाजूंनी चिकटवलेला होता, खळ लावून, नीट. रामनाथनंही तो बघितला. आमची नजरानजर झाली.

जिन्यात मी त्याचा हात धरला. "बोल की आता."

"बोलून पोरगी परत येणार आहे का? गिझर मी बसवलाय, ताई. दुकान राहील का?"

माझं डोकंच फिरलं. आजूबाजूच्या निम्म्या घरांत त्यानं बसवलेले गिझर होते आणि प्रत्येक खिडकीला कागद. तिथं उद्या कोण जाणार आंघोळीला? कोणाची सून, कोणाची लेक?

दोन दिवसांनी पलीकडच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. रामनाथ गेला. नाही गेलो तर लोक संशय घेतील म्हणाला. नळी, वास, बुडबुडे, सगळं नेहमीसारखं बोलला. बायका तर जास्तच लक्ष देऊन ऐकत होत्या, कारण संचिताचं सगळ्यांना कळलं होतं. बोलून झाल्यावर तो बाटल्यांकडे वळला आणि मी स्वयंपाकघरातून उठून हॉलमध्ये गेले.

मंजुळानं मला येताना बघितलं आणि कुंकवाच्या तबकावर पदर घातला. माझ्याच वहिनीनं. मी थांबले नाही.

"बायांनो, आंघोळ करताना खिडकी उघडी ठेवा," मी म्हटलं. "कागद लावला असेल तर आजच काढा. गिझर चालू आणि खिडकी बंद, म्हणजे आतली हवा विषारी होते. साबणाच्या पाण्यानं ते कळत नाही. संचिता त्यानंच गेली."

घरची बाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, तिचं लक्ष तबकाकडे. मग शेजारची एक गुजराती बाई रामनाथकडे वळली. "सच में, भाईसाब? ऐसा होता है?"

सगळ्या त्याच्याकडे बघायला लागल्या. मीपण. मला वाटलं, आता तरी बोलेल. आईची शपथ, मला खरंच वाटलं.

रामनाथनं घसा साफ केला. "ताईला त्या पोरीचा धक्का बसलाय," तो म्हणाला. "जीव होता तिच्यावर. तसं काही नाही, घाबरू नका. नळी तेवढी चेक करत जा."

बायकांचे चेहरे सैल झाले. एकीनं मला मऊ आवाजात म्हटलं, "आत बसा हां मावशी, पाणी देते." मंजुळानं तबकावरचा पदर काढला. बाटल्या वाटल्या गेल्या, एकही उरली नाही.

मी घरी आले आणि तोंड न धुता तशीच बसून राहिले. संध्याकाळी रामनाथ आला. माझ्याशी बोलला नाही. पक्कड घेऊन सरळ आमच्या बाथरूममध्ये गेला. आतून काचांचा आवाज आला म्हणून मी उठून बघितलं, तर तो खिडकीच्या पट्ट्या एकेक करून काढत होता. सगळ्या काढल्या, फ्रेम मोकळी केली, पट्ट्या गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकल्या.

"हे काय करतोयस?" मी विचारलं.

"हवा यायला पाहिजे," तो म्हणाला.

"आणि बाकीच्यांच्यात?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "थंडीचा सीझन संपू दे, ताई. मग एकेकाला सांगतो."

त्याची मुलगी संजना क्लासवरून आली आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेली. गिझरचा जाळ पेटल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. रामनाथ दाराला कान लावून उभा राहिला. खिडकी सताड उघडी होती, तरी तो पोरीला सारखा हाका मारत होता. "संजना, आहेस ना गं?" आतून ती वैतागून "हो पप्पा" म्हणायची. मग पुन्हा, "संजना?"

मी चपला घातल्या आणि समोरच्यांचं दार वाजवलं. दार अर्धंच उघडलं. "आत हळदीकुंकू चालू आहे हो आत्या," ती बाई म्हणाली. "उद्या या ना."