सात पूर्णांक दोन

फांग-यूने थर्मास तिरपा केला आणि वाफा सोडणारा द्रव नायट्रोजन तांब्याच्या भांड्यात बारीक धारेने ओतला. भांड्याच्या बुडाला चिप होती. तापमान उणे शंभरच्या खाली गेलं, पडद्यावरचा वेगाचा आकडा सात पूर्णांक दोन गिगाहर्ट्झला पोचला आणि पडदा काळा पडला. सकाळपासून पाचव्यांदा.

"पुन्हा तिथंच?" शेजारच्या टेबलावरून आ-लियांगने विचारलं.

कारखान्याने बांधून दिलेल्या वेगाच्या पुढे चिप पळवायची, हेच नैहूच्या या लॅबमधलं काम. ही चिप को दादांची होती. तीन वर्षांपूर्वी हिच्यावरच त्यांनी सात पूर्णांक चार गाठलं होतं. पुढच्या आठवड्यातल्या स्पर्धेत ओतायला दादा बसणार की फांग-यू, ते लॅबचे साहेब आज जेवणानंतर ठरवणार होते. आणि सकाळी दादांनीच रुमालात गुंडाळलेली ती चिप तिच्या हातावर ठेवली होती. "हिच्यावर करून दाखव," एवढंच म्हणाले. आपली जागा घ्यायला निघालेल्या पोरीला कुणी आपला हुकमाचा एक्का देतं का? तिचा गोंधळ तिथूनच सुरू झाला होता.

वीज वाढवली की चिप भडकायची, कमी केली की वेग टिकायचा नाही. जास्त गार केलं तर गारठून गप्प, जरा ऊब दिली तरी त्याच आकड्याला काळा पडदा. दादांच्या वहीतलं अक्षर न् अक्षर तिने पाळलं होतं. मग अडत कुठे होतं?

"अगं, हे बघ!" आ-लियांगने यंत्रावरचं खाऊचं हिरवं पुडकं उचललं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून प्रत्येकावर एक असायचंच. "तारीख उलटून नऊ दिवस झालेत. शिळा खाऊ देऊन राबवून घेतेस होय? रुसणार नाही तर काय!"

ती हसली नाही. पुडकं तिनेच ठेवलं होतं, तारीख न बघता. एकदाचं कारण सापडलं म्हणून तिला केवढं बरं वाटलं. खालच्या दुकानात धावत जाऊन तिने ताजं हिरवं पुडकं आणलं, दोन्ही हातांनी नीट ठेवलं, मनातल्या मनात माफीही मागितली. मग ओतलं.

सात पूर्णांक दोन. काळा पडदा.

दादा जेवून येऊन दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे. तिचे कान तापले.

"दादा, नाही जमत मला. काय चुकतंय तेच कळत नाही."

"किती वेळा केलंस?"

"सहा. दर वेळी इथंच."

"मध्ये धार तुटली?"

"नाही."

"हात हलला?"

"नाही हो!"

दादा खुर्चीवर टेकले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. फांग-यू आ-लियांगकडे बघत राहिली.

"तीन महिने झाले, मलाही ती तिथंच थांबवते," दादा म्हणाले. "साहेब म्हणतात, हात गेला तुमचा. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. दुसऱ्या चिपवर कसं कळणार? प्रत्येकीची झेप निराळी. हिचीच तेवढी ठाऊक होती."

"म्हणजे चिपच..."

"किती वर्षं भरमसाट वीज सोसली तिने. झिजली बिचारी."

आपलं काही चुकलं नव्हतं, हे कळून तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगोलग रागही आला. सकाळपासून घाम गाळून दिली ती परीक्षा तिची नव्हतीच, दादांच्या हाताची होती. आता साहेबांना सांगायचं काय?

दादांनी ट्रेमधून कोरी चिप काढली.

"ही लाव. ओततो मी. तू आकडा वाच."

तिने चिप बसवली, थर्मास त्यांच्या हाती दिला. त्यांचं मनगट थरथरत होतं. तिला अगदी स्पष्ट दिसलं. आकडा वाचायचा सोडून ती भांड्याकडेच बघत राहिली. धार मात्र कुठे तुटत नव्हती.